पाऊस जेथे आधी पोहोचतो

मे महिना अर्ध्यावर आला की आमच्या उमरखेडला बाजारात, एस.टी. स्थानकावर आणि कृषी केंद्रांच्या पायऱ्यांवर एकाच बातमीची वाट पाहिली जाते : मान्सून अंदमानात दाखल झाला. कपाशी आणि सोयाबीन यांवर पोट असलेल्या या काळ्या मातीच्या मुलखात ती बातमी ऐकली की बियाण्यांची बोलणी सुरू होतात. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकविला. फळ्यावर बंगालचा उपसागर काढायचा, त्यात खडूचे चार ठिपके द्यायचे आणि तेथून विदर्भाकडे बाण ओढायचा, हे मी दरवर्षी केले. ते ठिपके मात्र स्वतः कधी पाहिले नव्हते.

गेल्या वर्षी ते पाहावयाचे ठरविले, त्याला कारण यांचा आजार. यांचे वय ७१. तीन वर्षांपूर्वी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे निदान झाले. आधी उजव्या हाताचा कंप, मग अक्षर बारीक होणे, मग चालताना पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे थांबणे. तपासणीच्या वेळी मी डॉक्टरांना विचारले, "प्रवास केव्हा करावा?" ते म्हणाले, "पुढच्या वर्षी असे मनात असेल, तर यंदाच करा." त्या उत्तराचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. घरी येईपर्यंत आम्ही त्याविषयी बोललो नाही.

मुलाला हा बेत मुळीच पटला नाही. "आई, पाठीवर सॅक घेऊन फिरण्याचे हे वय आहे का? आणि तेही पावसाळ्यात?" त्याची काळजी खरीच होती. परंतु हंगाम संपल्यावर बेटांवर गर्दी नसते, खोल्या स्वस्त मिळतात, आणि मला तर पाऊसच पाहावयाचा होता. सॅकचे कारण त्याहून साधे होते. हातात बॅग असली की कठडा धरता येत नाही आणि यांचा कोपरही धरता येत नाही. पाठीवर ओझे घेतले की दोन्ही हात मोकळे राहतात. फिजिओथेरपिस्टने एकच अट घातली : यांच्या पाठीवर दोन किलोंहून अधिक नको, कारण तोल मागे जातो. उरलेले सहा किलो माझ्याकडे आले.

निघण्यापूर्वी सहा आठवडे आम्ही रोज सकाळी सॅक घेऊन गावाबाहेर चालत होतो. एका रविवारी पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाला जाऊन आलो. उन्हाळ्यात तेथे धार बारीक असते, पण खडकाळ जागी यांचे पाय कसे पडतात ते मला पाहावयाचे होते. अशी रंगीत तालीम प्रत्येकाने करावी. कोणत्या जागी मदत लागेल आणि कोणत्या जागी लागणार नाही, हे घराजवळच कळून येते.

उमरखेडहून नांदेड, नांदेडहून रेल्वेने सिकंदराबाद, तेथे भाचीकडे एक दिवस विसावा, आणि मग चेन्नईमार्गे विमान. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवली होती. विमानतळावर ती समोर आली तेव्हा यांचा चेहरा उतरला. "मी चालू शकतो," हे म्हणाले. मी म्हणाले, "चालणे बेटासाठी राखून ठेवा." ते बसले, पण नंतर बराच वेळ माझ्याशी बोलले नाहीत.

पोर्ट ब्लेअरचे अधिकृत नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. तेथे पहिल्या पहाटे पाचच्या सुमारास डोळे उघडले तर उजाडलेले. उमरखेड सुमारे ७७.७ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि हे शहर ९२.७ अंशांवर. पंधरा अंश म्हणजे सूर्याच्या हिशेबाने बरोबर एक तास. घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच. शाळेत हजारदा सांगितलेली गोष्ट त्या दिवशी औषधांच्या डबीपुढे उपयोगी पडली. यांची लेव्होडोपाची गोळी ठरलेल्या वेळी आणि जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते, कारण प्रथिनयुक्त अन्नासोबत तिचे शोषण नीट होत नाही. उजाडले म्हणून गोळी लवकर आणि अंधारले म्हणून जेवण लवकर, असे केले असते तर सारे वेळापत्रक विस्कटले असते. म्हणून आम्ही मोबाइलच्या गजरावरच चाललो.

शहरात प्रथम सेल्युलर जेल पाहिले. १८९६ ते १९०६ या काळात ते बांधले गेले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या. त्यांपैकी आज तीन उभ्या आहेत. त्याच आवारात आता गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. आजाऱ्याला सोबत घेऊन गेलेल्या मला हे पाहून फार बरे वाटले. सावरकर ४ जुलै १९११ रोजी येथे आणले गेले, म्हणजे ऐन पावसाळ्यात. त्यांचे थोरले बंधू बाबाराव हेही येथेच बंदिवान होते, आणि बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी पतीची भेट न होताच वारल्या. वरच्या मजल्यावरच्या कोठडीकडे जाणारा जिना पाहून हे म्हणाले, "तू जाऊन ये. मी इथे बसतो." मी एकटी वर गेले. गजांतून खाली पाहिले तर हे बाकावर बसून माझ्याकडेच पाहत होते. मी लगेच खाली आले.

तिसऱ्या दिवशी आम्ही शहीदद्वीपला निघालो. पूर्वी त्याला नील बेट म्हणत. छोटे, बरेचसे सपाट, भाजीपाल्याच्या शेतीसाठी ओळखले जाणारे हे बेट आम्ही मुद्दाम निवडले होते, कारण तेथे चढ-उतार कमी. समुद्र खवळलेला होता. बोट वर-खाली होऊ लागली तशी लोकांना मळमळ सुरू झाली. शेजारच्या एका भल्या गृहस्थांनी यांच्यासमोर गोळी धरली. मी पाकिटावरचे नाव वाचले : सिनारिझिन. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या यादीत ते नाव होते. सिनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही उलटी किंवा चक्कर यांवरची नेहमीची औषधे कंपवाताच्या रुग्णाचा त्रास वाढवू शकतात. मी त्यांचे आभार मानून गोळी परत केली. बोटीच्या मध्यभागी, जेथे हेलकावे कमी जाणवतात, तेथे जागा मागून घेतली, यांना दूरच्या क्षितिजाकडे पाहत बसायला सांगितले आणि आल्याची वडी दिली. आपल्या रुग्णाने कोणती औषधे घेऊ नयेत, त्याची यादी प्रत्येक काळजीवाहकाच्या खिशात असावी. प्रवासात गोळी देणारे हात पुष्कळ असतात, आणि ते प्रेमानेच पुढे येतात.

उतरताना खरी परीक्षा झाली. बोट आणि धक्का यांना जोडणारी अरुंद फळी समोर आली आणि यांचे पाय थांबले. मागून माणसे "चलो, चलो" म्हणू लागली. ओढले तर पाय अधिकच अडतात, हे मला ठाऊक होते, तरी माझ्या हाताने त्यांना ओढलेच. हे थरथरले. मग मला घरचा सराव आठवला. मी हात सोडला, त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि म्हणाले, "अहो, टाळ धरा." हे वारीला अनेकदा गेलेले आहेत. मी हलकेच ज्ञानोबा-तुकारामाच्या गजराचा ठेका धरला. दोन मात्रा गेल्या, आणि तिसरीला यांचा उजवा पाय उचलला. फळी पार झाली. ठरावीक ताल किंवा जमिनीवरची ओलांडायची रेघ यांनी अडलेले पाऊल सुटू शकते, हे फिजिओथेरपिस्टने शिकविले होते. ताल कोणता घ्यावयाचा, ते ज्याने त्याने आपल्या आयुष्यातून शोधावे.

आणि मग पाऊस. आमच्याकडे पाऊस वर्दी देऊन येतो : धूळ उठते, वारा फिरतो, दूरवर गडगडते. तेथे तो समुद्रावरून राखाडी पडद्यासारखा सरकत आला आणि काही कळायच्या आत नारळीच्या झावळ्यांवर कोसळला. तासाभराने ऊन, पुन्हा पाऊस. या बेटांवर नैऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मान्सून बरसतात. वर्षाचा पाऊस सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे पडतो त्याच्या साधारण तिप्पट. हे व्हरांड्यात बसून तळहात बाहेर धरून होते. कंप पावणाऱ्या हातावर पाऊस पडत होता. "पंधरा-वीस दिवसांनी हाच आपल्या गावी येईल," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समुद्र आणखी बिघडला आणि परतीची बोट रद्द झाली. तिसऱ्या दिवशीही तेच. बारा दिवसांच्या प्रवासासाठी मी वीस दिवसांची औषधे घेतली होती, निम्मी माझ्या सॅकमध्ये आणि निम्मी यांच्या, हवाबंद डब्यांत. त्यामुळे त्या दोन दिवसांत जिवाला घोर लागला नाही. पावसाळ्यात बेटावर जाणाऱ्याने परतीच्या विमानापूर्वी दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. तेवढी पुंजी नसेल तर जाऊ नये.

त्या दोन दिवसांनी मला जे दाखविले ते मी घरी कधी पाहिले नव्हते. सकाळी हे सदऱ्याच्या गुंड्या लावू लागले. घरी मी पुढे होऊन लावून देते. दूधवाला आलेला असतो, कुकर लावायचा असतो, कोणीतरी दाराशी असते. तेथे कोठेही जावयाचे नव्हते. मी बसून पाहत राहिले. पाच गुंड्यांना बराच वेळ लागला. पाचही त्यांनी स्वतः लावल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मला जमते. तुला वेळ नसतो."

वाचकहो, तीन वर्षे मी यांची सेवा करीत आहे, असेच मला वाटत होते. त्या सेवेत माझी घाईही किती होती, आणि त्या घाईने यांच्या हातून किती कामे काढून घेतली होती, ते त्या पावसाने मला बसवून दाखविले. जे रुग्णाला हळू का होईना करता येते, ते त्याला करू देणे हा उपचाराचाच भाग आहे, हे मला पूर्वीही सांगितलेले होते. सांगितलेले आणि उमगलेले यांत अंतर असते.

सारे गोड झाले असे नाही. चौथ्या दिवशी व्हरांड्याच्या शेवाळलेल्या पायरीवर यांचा पाय घसरला. कोपर खरचटले, हाड वाचले. यांच्या पायांत साधी चप्पल होती. रबरी तळव्याची, टाचेला पट्टा असलेली पादत्राणे मी सॅकमध्येच ठेवली होती. चूक माझी. मुलाला हे मी आठवडाभराने सांगितले. तेवढा भित्रेपणा माझ्यात होता. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी आणखी काही सांभाळावे. अंदमानात पावसाच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नये, पायाला जखम असेल तर मुळीच नाही, आणि परतल्यावर ताप आला तर प्रवासाची माहिती डॉक्टरांना आधी सांगावी. पाणी उकळलेले घ्यावे. दमट हवेत घाम फार जातो, पण तहान कळत नाही. म्हणून घड्याळ लावून पाणी प्यावे. अंथरुणातून उठताना क्षणभर बसून मग उभे राहावे, म्हणजे रक्तदाब एकदम उतरून भोवळ येत नाही. छोट्या बेटांवर मोठे रुग्णालय नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा प्रकृती अस्थिर असलेल्या व्यक्तीने तेथे जाऊ नये.

आम्ही परतलो तेव्हा गाव तापलेलेच होते. जूनच्या मध्यावर एका संध्याकाळी धूळ उठली, वारा फिरला आणि पहिला पाऊस आला. यांनी माझ्याकडे पाहिले आणि जुन्या पाहुण्याला ओळखावे तसे हसले.

यंदा यांचे चालणे कमी झाले आहे. त्या फळीवरून आज कदाचित जाता आले नसते. अंदमानात मान्सून आल्याची बातमी आली, तेव्हा आम्ही अंगणातच होतो. मी शाळेत मुलांकडून करवून घेत असे तसे बाटलीचे पर्जन्यमापक यांनी अंगणात मांडले आहे. रोज सकाळी हे स्वतः ते पाहतात आणि वहीत आकडा लिहितात. अक्षर आता फार बारीक झाले आहे आणि एका ओळीला पुष्कळ वेळ लागतो. मी शेजारी बसते, आणि पेन हातात घेत नाही.