दुबईतला मुक्काम आणि दिवसाचे पन्नास दिरहम

मैत्रिणींनो, लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी दुबईला जाणाऱ्या आपल्या बायका आता थोड्याथोडक्या नाहीत. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा असा सगळा सरंजाम बरोबर असतो. (खसखस मात्र चुकूनही नेऊ नका, लाडवात घातलेलीसुद्धा नको. तिथं ती अमली पदार्थांत मोडते!) पण या सगळ्या तयारीत आपला मुक्काम नेमका कोणत्या तारखेला संपतो हे किती जणींना ठाऊक असतं? विचारलं तर उत्तर येतं, "जावईबापूंना माहीत आहे सगळं."

सन २०२४ च्या सप्टेंबरात मी लेकीकडे होते. ती राहते बर दुबईत. संध्याकाळी बाळ झोपलं की खाडीवर जायचं, एक दिरहम देऊन लाकडी अब्य्रात बसायचं आणि पलीकडे देऱ्याच्या मसाल्याच्या बाजारात उतरायचं. केशर, वाळवलेली लिंबं, पोत्यांतून रचलेली दालचिनी. दुकानदार आपल्याशी सरळ हिंदीत बोलतो. मीना बाजारात तर परदेशात आहोत असं वाटतच नाही. अशा आपलेपणामुळेच दिवस कसे जातात ते कळत नाही आणि तारीख मागे पडते, असं माझं मत झालं आहे.

माझा व्हिसा साठ दिवसांचा. नातवाने यायला उशीर केल्यामुळे मुक्काम वाढवणं भाग होतं. मुदत संपायच्या आतच अर्ज करायचा म्हणून लेकीने मला आमेर सेंटरला नेलं. ही सरकारमान्य केंद्रं आहेत. तिथं टोकन घ्यायचं, बसायचं, आणि नंबर आला की पासपोर्ट पुढे करायचा. व्हिसाच्या कागदावर दोन गोष्टी असतात आणि पुष्कळजणी तिथंच घोटाळा करतात. एक, अमुक तारखेच्या आत देशात शिरायचं. दुसरी, आत शिरल्यावर किती दिवस राहायचं. राहण्याचे दिवस मोजायचे ते विमानतळावर शिक्का पडल्या दिवसापासून.

त्यापुढे एक दिवस जरी राहिलात तरी दंड सुरू. पूर्वी पाहुण्यांना दिवसाला शंभर दिरहम आणि तिथं राहणाऱ्यांना पंचवीस असा भेद होता. ऑक्टोबर २०२२ पासून सगळ्यांना सरसकट पन्नास. आपल्या पैशात दिवसाला हजार रुपयांच्या वरच जातात. "दहा दिवसांची सवलत असते हो," असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाहुण्यांची ती सवलत २०२३ मध्येच बंद झाली.

त्या सेंटरमध्ये माझ्या शेजारी खेडची एक बाई बसली होती, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडची. मांडीवर लहान मुलगा, शेजारी मुलगी. मराठी ऐकलं आणि ती बोलायला लागली. नवऱ्याची कंपनी २०२३ च्या सुरुवातीला बंद पडली, व्हिसा रद्द झाला. बायकामुलांचे व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेले, त्यामुळे तेही गेले. आज नाही उद्या नवी नोकरी मिळेल या आशेवर तो थांबला. व्हिसा रद्द झाल्यावर निघायला काही मुदत मिळते, व्हिसाच्या वर्गाप्रमाणे तीस दिवसांपासून एकशे ऐंशीपर्यंत. तीही उलटली. "ताई, मला चार महिने त्यांनी सांगितलंच नाही. मी आपली मुलीच्या शाळेची फी जमवतेय!"

आणि दंड माणशी असतो बरं का. तान्ह्या मुलाचाही वेगळा मीटर. चार माणसं म्हणजे दिवसाला दोनशे दिरहम, महिन्याला सहा हजार. सव्वा वर्षात हा आकडा नव्वद हजारांच्या घरात जातो. नोकरी नसलेल्या माणसाने तो आणायचा कुठून? दंड भरल्याशिवाय देश सोडता येत नाही, आणि सोडला नाही तर दंड वाढतो. वर पोलीस कधी हटकतील या धास्तीने बाई भाजीलासुद्धा अंधार पडल्यावर जायची. धाकट्याने आजोळचा पाऊस अजून पाहिलेला नव्हता.

त्यांचं नशीब एवढंच की १ सप्टेंबर २०२४ पासून सरकारने माफी जाहीर केली होती. आधीचा सगळा दंड माफ, आणि पुन्हा यायला बंदीही नाही. ही मुदत आधी ऑक्टोबरअखेर होती, ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. २००७ आणि २०१८ सालीही अशी माफी झाली होती. पण तिच्या भरवशावर कुणी बसू नये. ती कधी येईल हे सरकारलाच ठाऊक.

माझा तर नवऱ्यांवर थोडा रागच आहे. काळजी वाटू नये म्हणून लपवतात म्हणे. आपल्या नावाचा दंड असतो, पासपोर्ट आपला असतो, आणि कागद मात्र त्यांच्या कपाटात!

दंड आहे की नाही हे घरबसल्या पाहता येतं. दुबईचा व्हिसा असेल तर जीडीआरएफए या खात्याच्या संकेतस्थळावर, अबू धाबी, शारजा वगैरेंचा असेल तर आयसीपीच्या. पासपोर्टचा नंबर, त्याची मुदत, जन्मतारीख हाताशी ठेवा. इथं एक मेख आहे. राहता दुबईत आणि व्हिसा शारजातून निघालेला, असं खूपदा असतं. अशी बाई दुबईच्या खात्यात शोधते, काही सापडत नाही, आणि दंडच नाही समजून निश्चिंत होते. फाइल नंबर २०१ ने सुरू होत असेल तर दुबई, ३०१ असेल तर शारजा, १०१ म्हणजे अबू धाबी. तरीही उमगलं नाही तर आमेरचा फोन आहे, ८००५१११.

पैसे कार्डाने संकेतस्थळावर किंवा सेंटरमध्ये भरता येतात. थोडेच दिवस झाले असतील तर विमानतळावरही भरतात, पण तिथं रांग असते, म्हणून नेहमीपेक्षा दोन तास आधी पोचा. दंडाखेरीज देश सोडण्याच्या परवानगीचे, आउटपासचे, वेगळे पैसे लागू शकतात, तेवढे दिरहम जवळ ठेवा. एजंटाच्या हाती रोख देऊ नका. आणि पावती मिळाली की ती पर्समध्ये चुरगाळू नका, पासपोर्टातच घालून ठेवा. खिडकीवरचा माणूस तीच आधी मागतो.