मुरणे आणि पडून राहणे

मद्याविषयी लिहिण्याचा आम्हांस काडीचाही अधिकार नाही, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. आमच्या घरात आजवर शिरलेली सर्वांत मादक वस्तू म्हणजे द्राक्षासव. आणि तेही वैद्यांनी लिहून दिले म्हणून, चहाच्या चमच्याने मोजून घेतलेले. असे असूनही गेले वर्षभर आमच्या पुस्तकांच्या कपाटात, शेक्सपिअरच्या नाटकांखाली, इटलीतील तांबड्या वाइनची एक बाटली आडवी पडून आहे. आडवी अशासाठी, की बूच आतून ओले राहिले पाहिजे. ते सुकले की आत हवा शिरते. घरी येणारे सद्गृहस्थ ती पाहून प्रथम आमच्याकडे आणि मग आमच्या मंडळींकडे पाहतात. त्यांच्या समाधानार्थ सांगतो, की ही बाटली आम्ही पिण्यासाठी ठेवलेली नसून वाचण्यासाठी ठेवलेली आहे.

ती दिली आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने. हा शिरूर तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा. आमच्या वर्गात तो इंग्रजी काव्य मोठ्या सहनशीलतेने ऐकत असे. पुढे तो द्राक्षांच्या निर्यातीच्या व्यवसायात पडला, त्या निमित्ताने युरोपात हिंडला, आणि परत आल्यावर ही बाटली आमच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, आपण घेणार नाही हे मला ठाऊक आहे, पण वरचे लेबल तरी वाचा. आपण आम्हांला प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारीत होता, आता मी आपल्याला विचारतो."

लेबलावर दोन ओळी होत्या : 'क्यांती क्लासिको', आणि खाली 'रिझेर्वा'. चाळीस वर्षे इंग्रजी वाचणाऱ्या माणसास इटालियन शब्दांचा अंदाज बांधणे कठीण वाटत नाही, आणि म्हणूनच तो हमखास चुकतो. 'क्लासिको' म्हणजे अभिजात, अर्थात फार जुनी, असे आम्ही सांगून टाकले. विद्यार्थी हसला. हा शब्द वयाचा नसून जागेचा आहे. क्यांती या नावाखाली पुढे पुष्कळ मुलूख आला. त्यांतील फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधला जो मूळचा डोंगराळ पट्टा, तो 'क्लासिको'. टस्कनीच्या तिसऱ्या कोझिमो ड्यूकने १७१६ सालीच त्या प्रदेशाची सीमा जाहीरनाम्याने ठरवून दिली होती. 'सुपेरिओरे' असा आणखी एक शब्द आढळतो. त्याचा अर्थ 'श्रेष्ठ' असा वाटतो. प्रत्यक्षात बहुधा त्या वाइनमध्ये मद्यार्काचा अंश नेहमीपेक्षा थोडा अधिक असावा लागतो, इतकेच.

वयाचा खरा शब्द 'रिझेर्वा'. त्याचा अर्थ राखून ठेवलेली. आमचे वडील दौंडास रेल्वेच्या नोकरीत होते, आमचे बालपण जंक्शनच्या शिट्ट्यांत गेले. त्यामुळे 'राखीव' म्हटले की आम्हांस डबाच आठवतो. येथे मात्र राखून ठेवावयाचा असतो काळ. साधी क्यांती क्लासिको सुमारे वर्षभराने विक्रीस निघू शकते. 'रिझेर्वा' म्हणवून घ्यावयाचे तर निदान २४ महिने थांबले पाहिजे, त्यांतील तीन महिने बाटलीत. २०१४ सालापासून तिच्याही वर 'ग्रान सेलेझिओने' ही पायरी आली; तीस ३० महिने लागतात, आणि द्राक्षे मालकाच्या स्वतःच्या मळ्यातीलच असावी लागतात. उत्तरेकडील बारोलो ही याहून तपस्विनी. साध्या बारोलोस ३८ महिने, पैकी १८ लाकडी पिंपात. 'रिझेर्वा' बारोलोस ६२ महिने. माँताल्चिनो गावची ब्रुनेल्लो तर द्राक्षे तोडल्यानंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी दुकानात येऊच शकत नाही. तिची 'रिझेर्वा' सहाव्या वर्षी. सिसिलीतील मार्साला नामक मद्यात तर वर्णाश्रमच आहेत : एक वर्षाची 'फीने', दोन वर्षांची 'सुपेरिओरे', चार वर्षांची 'सुपेरिओरे रिझेर्वा', पाच वर्षांची 'व्हेर्जिने', आणि दहा वर्षांची 'स्त्राव्हेक्यो', म्हणजे शब्दशः 'अतिवृद्ध'. येथे 'सुपेरिओरे' हा शब्दही वय सांगतो, हे पाहून आमच्यातील व्याकरणकार थोडा हिरमुसला.

हे ऐकून आमचा स्वदेशाभिमान जागा झाला. वयावरून नाव देण्याची ही कल्पना काही इटलीची मिरासदारी नव्हे. सुश्रुतसंहितेत अकरा वर्षांपासून शंभर वर्षांपर्यंत ठेवलेल्या तुपास 'कुंभसर्पि' म्हटले आहे, आणि त्याहूनही जुने झाले की ते 'महाघृत'. वैद्य औषधाला जुना गूळ मागतात, पथ्याला जुना तांदूळ सांगतात. आणि बारा वर्षांना आपण चक्क 'तप' म्हणतो! एवढ्या वजनाचे लेबल कोणत्या इटालियनाला सुचले आहे?

विद्यार्थी शांतपणे म्हणाला, "पण सर, रिझेर्वा म्हणजे चांगली असे नव्हे. लेबल फक्त एवढेच सांगते, की निदान इतके दिवस ती थांबली. थांबून तिचे काय झाले, ते बाटली उघडल्यावरच कळते."

मग त्याने थांबण्याच्या काळात पिंपात काय घडते ते समजावून दिले, आणि तेथून पुढे आम्ही विनोद करणे सोडून ऐकू लागलो. ओक लाकडाच्या फळ्यांतून अत्यंत मंद गतीने हवा आत झिरपते. त्या हवेने वाइनमधील जिभेला ओढून धरणारा तुरटपणा हळूहळू मऊ होतो. पण लाकूड हवा आत घेते तसा द्रवही बाहेर सोडते. महिन्यामागून महिने वाइन उडत जाते, आणि वर रिकामी जागा पडते. त्या रिकाम्या जागेत हवा साचली, की तीच उपकारक हवा शत्रू होते. तिच्यात वाढणारे जंतू वाइनचा शिर्का करून टाकतात. म्हणून तळघरातील माणूस ठरावीक दिवसांनी प्रत्येक पिंप उघडतो, चव घेतो, आणि जेवढी तूट झाली तेवढी वाइन वरून ओतून पिंप पुन्हा काठोकाठ भरतो. लेबलावर महिने छापलेले असतात. या फेऱ्या छापलेल्या नसतात. ब्रुनेल्लोचे आद्य घराणे जे बियोंदी-सांती, त्यांच्याकडे तर १८८८ सालच्या रिझेर्वा बाटल्या जतन केलेल्या. अशा जुन्या बाटल्या उघडून, चाखून, त्याच सालच्या वाइनने त्यांची तूट भरावी व नवे बूच लावावे, असा त्या घराण्याचा परिपाठ.

"विसरून ठेवली तर?" आम्ही विचारले.

"तर ती मुरत नाही, सर. नुसती पडून राहते."

आता वाचकांस एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमचे थोरले बंधू दौंडास राहतात, आम्ही शिरुरास. मध्ये अंतर फार तर दीड तासाचे. आईच्या मागे दौंडच्या घराचा प्रश्न निघाला. दादांचे म्हणणे घर ठेवावे, आमचे म्हणणे विकावे. बोलता बोलता शब्दाने शब्द वाढला, आणि शेवटी आम्ही असे एक वाक्य बोललो, की ते येथे लिहिण्याचे धैर्य आम्हांस अद्याप होत नाही. त्या दिवसापासून आमचे दौंडास जाणे बंद झाले. आईचे श्राद्ध दोन गावी दोन पानांवर होऊ लागले. हितचिंतक मध्ये पडावयास आले, की आम्ही मोठ्या प्रगल्भतेने म्हणत असू, "थोडा काळ जाऊ द्या. काळ हेच औषध." हे वाक्य इतके शहाणपणाचे वाटे, की ऐकणारा गप्प बसे, आणि आम्हीही. अशी बारा वर्षे गेली. म्हणजे एक तप.

तप! त्या रात्री कपाटातील बाटलीकडे पाहताना हा शब्द आम्हांस झोंबला. बारा वर्षे लोटली म्हणजे तपश्चर्या घडलीच असे नव्हे. आमच्या मौनावर 'रिझेर्वा' असे लेबल लावून आम्ही स्वतःलाच फसवीत होतो. पिंप उघडून पाहण्यास आम्ही एकदाही गेलो नव्हतो. आत किती उडाले, किती उरले, वर किती पोकळी पडली, याची चौकशी केली नव्हती. आणि त्या पोकळीत काय वाढत होते हे आमच्या मनास चांगले ठाऊक होते.

याच सुमारास विद्यार्थी आणखी एक बाटली दाखवावयास घेऊन आला. ही अकलूजची. तेथे टस्कनीतील सेच्ची बंधू, अकलूजचे मोहिते-पाटील बंधू आणि सेखरी बंधू अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून मळे लावले, आणि ज्या सांजोवेझे द्राक्षाची क्यांती होते, तेच द्राक्ष माळशिरसच्या उन्हात पिकविले. बाटलीवर कंपनीचे नाव होते 'फ्रातेल्ली'. अर्थ आम्ही अंदाजाने सांगितला, आणि या खेपेस आम्ही चुकलो नाही. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ.

आश्विनातील एका रविवारी आम्ही निघालो. न्हावरे मागे टाकले, पारगावापाशी भीमा ओलांडली, चौफुल्यावरून पूर्वेस वळलो. दोहो बाजूंस ऊस, आणि गुऱ्हाळांचा तो ओळखीचा गोड, किंचित करपट वास. पाटसला उजवीकडे बारामतीचा रस्ता फुटतो. त्याच रस्त्याने तुकोबांची पालखी रोटीचा घाट चढते, पुढे अकलूजवरूनही जाते. आणि त्याच रोटी गावी 'फोर सीझन्स' नावाचा वाइनचा कारखाना उभा राहिला. वारकऱ्यांची आणि द्राक्षांची वाट एकच असावी, याचा एरव्ही आम्ही एखादा विनोद केला असता. त्या दिवशी ते सुचले नाही. आम्हांस डावीकडे जावयाचे होते, आणि गाडी वळविताना हात थोडे कापत होते.

दार वहिनींनी उघडले. क्षणभर त्या पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, हातपाय धुवा. पाने घेतच होते." दादा आत झोपाळ्यावर होते. ते फार वाळले आहेत, आणि डाव्या कानाने त्यांस ऐकू येत नाही, ही बातमी आम्हांस त्या वेळी लागली. ते म्हणाले, "ये. उशीर केलास." हे त्या दिवसाविषयी होते की बारा वर्षांविषयी, हे आम्ही विचारले नाही.

जेवताना वहिनींनी पानात डाव्या बाजूस लोणच्याची एक काळसर फोड वाढली. लिंबाची साल इतकी मऊ झाली होती, की बोटाने मोडावी. "आईंच्या हातचे," त्या म्हणाल्या. आम्ही चपापलो. आईच्या त्या बरणीची आठवण आम्हांस होती. पण घराच्या भांडणात ती केव्हाच फुटली-हरवली असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. वहिनींनी ती फळीवरून काढून दाखविली. गळ्याला फडके बांधलेले, आणि पोटावर चिकटविलेल्या कागदावर आईच्या वाकड्या अक्षरात साल. तिच्या जाण्याच्या आदल्या वर्षीचे.

"इतकी वर्षे टिकले कसे?" आम्ही विचारले.

"टिकते कसले? टिकवावे लागते," वहिनी म्हणाल्या. "दर महिन्याला कोरड्या पळीने खालवर करते. वरच्या फोडी रसाबाहेर राहिल्या, की बुरा धरतो. रस आटला तर नव्या लिंबाचा पिळते, मीठ बघते. आई तसेच करीत. दादांचे पोट बिघडले की यातलीच एक फोड."

इटलीच्या तळघरातील जे शास्त्र आमच्या विद्यार्थ्याने आम्हांस महिन्यांचे आकडे देऊन शिकविले, ते दौंडच्या स्वयंपाकघरात आकड्यांवाचून चालू होते. आम्ही घर विकावे म्हणत होतो, ते ज्यांनी ठेवले होते त्यांनी ही बरणीही ठेवली होती. आम्हांस खाली पाहून जेवणे भाग पडले.

सर्व काही मिटले, असे सांगून आम्ही वाचकांस संतुष्ट करू शकत नाही. घराचा प्रश्न तेथेच आहे. आमचे ते वाक्य दादा विसरलेले नाहीत, निघताना आम्ही त्याबद्दल क्षमा मागितली, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. त्या कागदपत्रांचे बघू." जे उडून गेले ते परत येत नाही, पिंप भरावयाचे तर नव्यानेच ओतावे लागते, आणि थोडे थोडे. आम्ही त्या रविवारी गेलो, आणि त्याच्या पुढच्याही.

वहिनींनी एका लहान काचेच्या बरणीत लोणचे बांधून दिले आहे. ते आमच्या स्वयंपाकघरात असते, आणि दर महिन्यास कोरड्या पळीने खालवर करण्याचे काम आम्ही मंडळींकडून आपल्याकडे घेतले आहे. बाटली अजून कपाटातच आहे. परवा विद्यार्थी येऊन गेला; म्हणाला, आता ती उघडण्याजोगी झाली आहे, फार ठेवू नका. आमच्या घरी ती पिणारे कोणी नाही. म्हणून येत्या दिवाळीत ती त्याच्या घरी परत पाठवावी, आणि त्याने ती आपल्या भावाबरोबर उघडावी, असे आम्ही त्यास सांगितले आहे.