दोन चिमण्यांचा शिधा

दिवाळीच्या सुमारास रायपूरच्या बाजारात धानाच्या झालरी विकायला येतात. नव्या धानाच्या लोंब्या गुंफून केलेल्या या झालरी छत्तीसगडी माणूस दाराशी टांगतो. लक्ष्मीच्या नावाने आणि पाखरांसाठी. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याबरोबर 18व्या शतकात जी मराठी घराणी इकडे आली, त्यांच्या अंगवळणी इथलं पुष्कळ काही पडलं. पंडरीच्या कापडबाजाराजवळच्या आमच्या घरातही झालर लागते.

झालर लागली की चिमण्या येतात, आणि चिमण्या आल्या की शिक्रा येतो. कापडबाजाराच्या गजबजाटाचं त्याला काही नाही. कबुतराहून थोडा लहान, पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. नराचे डोळे लालभडक, मादीचे पिवळे, आणि अंगाने मादीच थोराड. एरवी सरडे, पाली, टोळ यांवर त्याचं भागतं. पण चिमण्या दाण्यांत गुंतल्या की कडुनिंबातून तो असा सुटतो की आधी चिवचिवाट थांबल्याचं कळतं, मग तो दिसतो. शेजारच्या काकू ‘मेला आला!’ म्हणून टाळ्या पिटत धावतात. चिऊचा घास भरवून मुलं वाढवलेल्या बाईने आणखी काय करावं?

या ‘मेल्या’चे एके काळी फार लाड होते. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 12व्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त ससाण्यांकरवी शिकार ही राजाच्या करमणुकींपैकी एक आहे. अकबराच्या पदरी तर पाखरांच्या शिध्याचा चोख हिशेब होता. अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’त तो नोंदवतो: बाजाला सात दाम वजनाचं मांस, शिक्र्याला दोन दाम. शिवाय दिवस मावळताना चिमण्या; बाजाला सात, शिक्र्याला दोन. दाम म्हणजे तांब्याचं नाणं, साधारण वीस ग्रॅमचं. त्या चिमण्या रोज पकडून आणणाऱ्यांबद्दल मला जास्त कुतूहल आहे, पण इतिहास बाजांचा लिहिला जातो.

बाजदारांच्या कसबात शिक्र्याला मान कमी, पण तो लवकर शिके. नव्याने धरलेल्या पाखराच्या खालच्या पापण्यांत दोरा ओवून तो डोक्यावर बांधत, म्हणजे डोळे मिटलेले राहत. पाखरू माणसाळेल तसतसा दोरा सैल करत. वाचताना अंगावर काटा येतो. पायांत चामडी वाद्या, घुंगरू. शिकारीच्या वेळी शिक्रा हातावर बसवून सोडत नसत. छाती तळव्यावर, पाय आणि शेपूट मागे, असा मुठीत धरून भाल्यासारखा फेकत. मुठीचा तो वेग घेऊनच तो लाव्या-तित्तिरांवर झडप घाली.

या सगळ्याच्या मुळाशी भूक. पोट भरलेलं पाखरू झाडावर जाऊन बसे, हाकेला भीक घालत नसे. उपाशी ठेवावं तर उडायचं बळ नाही. या दोहोंमधलं वजन हाताला कळणं, हीच बाजदाराची विद्या. आपल्यावर प्रेम आहे म्हणून पाखरू परततं, अशा भ्रमात राहिलेल्या बाजदाराला ते एक दिवस सोडून जाणारच. चिमणीच्या बाबतीत मात्र तो भ्रम आपण हौसेने जपतो. तिला ताई म्हणतो. ती दाण्यासाठी येते, पिलांना किडे भरवते आणि आपल्याला ओळखतही नाही.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिक्रा पकडायला आणि पाळायला बंदी आली, ते उत्तमच झालं. दोरे ओवणं तरी थांबलं. काकूंचं म्हणणं, यंदा झालर लावूच नये, आपण चिमण्यांना बोलावून त्याचं ताट वाढतो. त्यांचं चूक नाही. तरी मी झालर लावली, पण उघड्या सज्जात नव्हे, बोगनवेलीच्या जाळीला खेटून. काट्यांत शिरायला चिमणीला एक उडी पुरते, शिक्र्याला तिथे पंख पसरता येत नाहीत. बाकी ज्याचं त्याने बघावं. काकू अजून टाळ्या पिटतात, आणि त्या आवाजाने शिक्र्याच्या आधी चिमण्याच उडून जातात.