शेवळें आणि काकडें

मृग नक्षत्र लागण्याच्या आगेमागें, एखाददुसरी सर येऊन माती जरा ओली झाली कीं कल्याण स्टेशनाबाहेरच्या रस्त्याच्या कडेला एक निराळाच बाजार भरूं लागतो. मुरबाड, शहापूर, बदलापूर या बाजूंच्या पाड्यांवरून ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बायका पहाटेच्या गाडीनें येतात आणि फडकें पसरून त्यावर आपल्या मालाचे वाटे मांडतात. त्यांच्यापाशीं तराजू नसतो. वाटा हेंच माप. पहिल्यानें शेवळें येतात. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कवळा यांची रीघ लागते. श्रावणाच्या सुमारास करटोलीं दिसूं लागतात. नवरात्राच्या आंत बहुतेक सारा खेळ आटोपतो, आणि मग पुढच्या मृगापर्यंत त्या जागेवर कोणी बसत होतें याची आठवणहि राहत नाहीं.

आम्ही मूळचे कल्याणच्या जुन्या गांवांतले. पुढें डोंबिवलीस बिऱ्हाड केलें. आमच्या घरीं शेवळ्याची भाजी वर्षांतून एकदां तरी व्हावयाचीच, असा आईचा नेम होता. चाळीस वर्षें ती भाजी आम्हीं खाल्ली, वाखाणली, पाहुण्यांपुढें तिचें कौतुकहि केलें. परंतु ती चुलीवर चढण्यापूर्वीं तिचें काय काय केलें जातें हें पाहण्यासाठीं आम्ही कधीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं उभे राहिलों नाहीं. आई गेली. तिच्या मागून दुसऱ्या वर्षीं मृगाच्या तोंडावर आम्हांस शेवळ्यांची आठवण झाली आणि कचेरींतून परततांना आम्ही कल्याणास उतरलों.

एका वृद्ध बाईपाशीं शेवळ्यांच्या जुड्या होत्या. जांभळट तपकिरी रंगाच्या, कणसासारख्या मिटलेल्या त्या कळ्या आम्हीं लागलीच ओळखल्या. तिनें जुडी हातांत देतां देतां शेजारच्या वाट्याकडे बोट केलें. आवळ्याहून लहान, हिरवीं, टणक अशीं तीं फळें होतीं. "दादा, काकडां पण घे. नायतर घसा खाजंल." त्या वाट्याचे दहा रुपये होते. आम्हांस वाटलें, एका मालाबरोबर दुसरा गळ्यांत मारण्याची ही बाजारी युक्ति. आम्ही शहाण्यासारखे हंसलों, जुड्या पिशवींत टाकल्या आणि गाडी पकडली.

त्या रात्रीं आमच्या घरीं जें झालें त्याचें वर्णन लांबविण्याचें कारण नाहीं. पहिल्या घांसालाच जीभ चुरचुरूं लागली, दुसऱ्या घांसाला घशांत कोणी सुया टोंचाव्यात तसें झालें. धाकटी मुलगी ओंठ चोळीत रडूं लागली. ताक झालें, कोकम झालें, तूप झालें. तासाभरानें आग शमली. प्राणावर बेतण्यासारखें कांहीं नव्हतें, पण पानांतली भाजी तशीच राहिली, आणि आईची आठवण काढावयास निघालेले आम्ही तिच्या आठवणीपुढें ओशाळे होऊन बसलों.

चार दिवसांनीं आम्ही पुन्हां त्या बाईपाशीं गेलों. झाला प्रकार सांगितला तेव्हां ती मनापासून हंसली. मग एक शेवळ उचलून तिनें वरचे पापुद्रे सोलून दाखविले, आंतल्या दांड्याचा पिवळा भाग मोडून टाकला आणि राहिलेलें बारीक चिरून काकडांबरोबर शिजवावयाचें हें तिनें एखाद्या पंतोजीनें पाढे सांगावे तसें दोनदां सांगितलें. शेवटीं तिनें विचारलें, "घरांत म्हातारी नाय का कोन सांगाया?" आम्हीं मान हलविली. तिनें पुढें कांहीं विचारलें नाहीं. एक मूठभर काकडें जास्त घातलीं.

तेव्हांपासून आम्हांस एक गोष्ट उमगली आहे, ती अशी कीं, वनस्पतीचें ज्ञान म्हणजे तिचें नांव नव्हे, तिचे गुणधर्महि नव्हेत. तिला माणसाच्या पोटाजोगी करण्याची जी रीत, तेंच तें ज्ञान. शेवळ हें सुरणाच्या कुळांतलें. त्याच्या अंगांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि तेच जिभेंत व घशांत रुततात. काकडाची आंबटाई या खाजेवर उतारा पडते. अळूच्या फदफद्यांत चिंच घालतात ती याच कारणानें. आपल्या आयांनीं स्फटिक पाहिले नव्हते, पण त्यांवरचा इलाज त्यांना पाठ होता. रानांतल्या बायकांचें शास्त्र तर याहून पुढचें. सह्याद्रींतला कडूकंद कच्चा खाल्ला तर बाधतो. तो चकत्या करून राखेच्या पाण्यांत उकडावयाचा आणि वाहत्या ओढ्यांत रात्रभर ठेवावयाचा, तेव्हां तो अन्न होतो. भारंगीच्या पाल्याचें पहिलें पाणी ओतून द्यावयाचें. टाकळा पहिल्या पावसांतला कोवळा तेवढाच घ्यावयाचा. ही रीत कोणा एकाची नव्हे. ती बसविण्यासाठीं किती जणांचे घसे आणि पोटें खर्चीं पडलीं असतील, याचा हिशेब कोणीं ठेविला आहे?

वस्तु उचलली आणि रीत मागें ठेवली म्हणजे काय होतें, याचा जगाच्या इतिहासांतला मोठा दाखला मक्याचा आहे. मेक्सिकोंतले लोक हजारों वर्षें मका खात आले; पण तो चुन्याच्या वा राखेच्या पाण्यांत शिजवून, भिजवून आणि मगच दळून. कोलंबसानंतर मका युरोपांत गेला. चुन्याची रीत मात्र समुद्रापलीकडेच राहिली. ज्या प्रांतांत गरीब लोक मक्याखेरीज फारसें कांहीं खाईनासे झाले, तेथें अंगाची कातडी सोलवटणारा, पोट बिघडविणारा आणि अखेरीस माणसाला भ्रमिष्ट करणारा एक रोग दिसूं लागला. १७३५ मध्यें स्पेनच्या आस्टुरियस प्रांतांत गास्पार कासाल या वैद्यानें त्याचें वर्णन केलें. पुढें इटलींत त्याला पेलाग्रा हें नांव पडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतहि त्यानें हजारों माणसें नेलीं. चुन्याच्या पाण्यानें मक्यांतलें एक जीवनसत्त्व मोकळें होतें; तें न मिळाल्यानें हा रोग जडतो, एवढा उलगडा होण्यासहि १९३७ साल उजाडावें लागलें. जी गोष्ट मेक्सिकोंतल्या कोणाहि आजीनें फुकट सांगितली असती, तिच्यासाठीं दोनशें वर्षें मोजावीं लागलीं. आम्हीं दहा रुपये वांचविले होते. युरोपानें एक प्रश्न विचारण्याचे श्रम वांचविले.

सांगणाऱ्याला विचारावें, हा धडा आपल्याकडे नवा नाहीं. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, गुराखी, मेंढपाळ आणि वनांत राहणारे लोक वनस्पतींना नांवानें व रूपानें ओळखतात. त्याला जोडूनच तेथें असेंहि बजावलें आहे कीं, केवळ नांव व रूप कळल्यानें वनस्पति कळली असें होत नाहीं. तिची योजना कळली पाहिजे. १५६३ मध्यें गोव्यांत गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें आपला वनौषधींवरील संवादग्रंथ छापला, त्यांतहि देशी वैद्यांकडून कळलेल्या गोष्टी आहेत. पुढें शंभर वर्षांनीं कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे यानें १६७८ ते १६९३ या काळांत निघालेला बारा खंडांचा मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध करविला. त्याच्या आरंभीं इट्टी अच्युतन हा मळयाळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण यांचीं निवेदनें त्यांच्या नांवांनिशीं छापलीं आहेत. परक्या सत्तेचा तो अधिकारी. पण ज्यांनीं सांगितलें त्यांचीं नांवें त्यानें गाळलीं नाहींत. हें वाचलें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, ज्या बाईनें आम्हांस आमच्या आईची भाजी परत दिली तिचें नांव विचारावें हें आम्हांस सुचलेंहि नव्हतें.

आतां या रानभाज्यांना बरे दिवस आल्यासारखें दिसतें. ऑगस्टांत कृषि खात्यातर्फे ठिकठिकाणीं रानभाज्यांचे महोत्सव भरतात. मोबाइलवर रोज कोणा ना कोणा पाल्याच्या गुणांची यादी येते. त्याचा आम्हांस आनंद आहे, पण थोडी धास्तीहि आहे. याद्यांत गुण असतात, रीत नसते. टाकळ्याचें बीं त्वचारोगांवर वापरीत आणि कुड्याची साल आंवेवर देत, हें वैद्यकांत जुनें आहे. पण म्हणून कुड्याच्या फुलांची भाजी ही औषधाची मात्रा होत नाहीं, आणि औषध हें भाजीसारखें वाटीनें घ्यावयाचें नसतें. रानांतली गोष्ट कशाला, आपला दुधीच घ्या. त्याच्या रसाचें खूळ निघालें तेव्हां कडू दुधीचा रस पिऊन माणसें दगावलीं, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांना चौकशी करून, रस कडू लागला तर पिऊं नका, असें सांगावें लागलें. आमची आई दुधी चिरण्यापूर्वीं त्याचा टवका जिभेवर ठेवून पाही आणि कडू लागला तर सबंध दुधी टाकून देई. तिला तें परिषदेनें सांगितलें नव्हतें.

दुसरी धास्ती रानाचीच. फोडशी ही पांढऱ्या मुसळीची भावंड. पांढऱ्या मुसळीच्या एका जातीला शास्त्रज्ञांनीं गेल्या शतकाच्या मध्यास जें नांव दिलें, त्यांत आपल्या बोरिवलीचें नांव गुंफलेलें आहे. भाजीसाठीं पाला खुडला तर कंद जमिनींत राहतो आणि पुढच्या पावसांत पुन्हां फुटतो; शक्तिवर्धक औषधासाठीं कंदच उपटला म्हणजे गोष्ट संपली. आणि जेथें कंद फुटावयाचा ती टेंकडीच सपाट झाली तर खुडणारा आणि उपटणारा दोघेहि सारखेच. कल्याणपासून बदलापूर-टिटवाळ्यापर्यंत गाडीच्या खिडकींतून पाहणाऱ्याला हें निराळें सांगावयास नको. त्या इमारतींपैकीं एकींत आम्हीहि राहतों; तेव्हां याविषयीं फार उंच आवाजांत बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

यंदा मृगाच्या आधीं आम्ही कल्याणास उतरलों. बाई जागेवर होती. पण जुड्या थोड्या होत्या आणि वाट्यांतलीं काकडें मोजकीं. "लांब जावा लागते आतां," एवढेंच ती म्हणाली. आम्हीं भाव केला नाहीं. बरोबर धाकट्या मुलीला नेलें होतें. सोलावें कसें, पिवळें कोठवर मोडावें, काकडें किती घालावींत, हें बाईनें तिला दाखविलें आणि तिच्याकडून करवून घेतलें. निघतांना आम्हीं नांव विचारलें. तिनें आधीं संशयानें पाहिलें, मग सांगितलें, आणि मुलीला उलट तिचें नांव विचारलें.

त्या रात्रीं भाजी आईच्यासारखी झाली असें आम्हांस म्हणवत नाहीं. मीठ जरा कमीच होतें. पण कोणाचा घसा धरला नाहीं, आणि ती मुलीनें केली होती.