अंगठा, गाव आणि हक्क

शहादा तालुक्यात वाढलेल्या त्या मुलाने आजीचा अंगठा फार जवळून पाहिला. सोसायटीच्या कर्जाचा कागद पुढे आला की ती शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायची, कागदावर उमटवायची आणि पदराला पुसायची. ठसा पुसट आला तरी अडत नसे. कारकून तिला ओळखायचा.

पुढे तो पुण्यात डेटाबेस अ‍ॅडमिन झाला. 'सर्व्हर आत घेत नाही' अशी तक्रार आली की तो पासवर्ड बदलायला धावत नाही, आधी एररचा नंबर विचारतो. मायएसक्यूएलमध्ये 1045 म्हणजे ओळखच पटली नाही. 1044 म्हणजे ओळख पटली, पण त्या डेटाबेसची परवानगी नाही. 1142 आला तर त्या टेबलावर ते काम करायचा हक्क नाही. शिवाय इथे खातं नुसत्या नावाचं नसतं. कुठल्या मशीनवरून येताय, तेही त्यात धरलेलं असतं. 'लोकलहोस्ट'पुरतं दिलेलं खातं दुसऱ्या मशीनवरून अडतं, पासवर्ड अचूक असला तरी.

ओळख पटणं वेगळं, हक्क असणं वेगळं आणि तो हक्क जागेला बांधलेला, हे सगळं त्याला आपल्या जिल्ह्यात दिसतं.

29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्याच टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पहिला रंजना सोनवणे यांना. दहा बोटं आणि दोन बुबुळं सरकारी डेटाबेसात गेली. पण जिल्ह्यातल्याच अक्कलकुवा-धडगावची माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली की रेशन कार्ड खरं, अंगठाही खरा, तरी धान्य मिळत नसे. हक्क गावच्या दुकानाला बांधलेला होता. 9 ऑगस्ट 2019 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात कार्ड दोन्हीकडे चालण्याची सोय सुरू झाली, तेव्हा ती गाठ सुटायला लागली.

कोयत्याने झिजलेल्या बोटांचं काय? विसरलेला पासवर्ड अ‍ॅडमिन नवा देतो, बोट कुणी नवं देत नाही. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला लाभ नाकारू नये, ही काळजी सर्वोच्च न्यायालयानेही 2018 च्या आधार निकालात घेतली.

म्हणून सुट्टीत गावी आला की तो शेजारच्या म्हाताऱ्यांसोबत रेशनच्या रांगेत उभा राहतो. 'अंगठा लागत नाही' एवढ्यावर कुणाला माघारी फिरू देत नाही. अंगठा आधारशी जुळवणाऱ्या पॉस मशीनवर काय आलंय ते दुकानदाराला वाचायला लावतो. ठसा जुळत नसेल तर डोळ्यांचा स्कॅन किंवा मोबाइलवरचा ओटीपी चालेल का, विचारतो. यादीतून नावच गेलं असेल, तर त्यांना घेऊन तहसीलची पुरवठा शाखा गाठतो.