सारं सामान आलं, पत्ता राहिला

१९९८ची दिवाळी. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ४.३ जीबीची हार्ड डिस्क आली. सयाजीगंजातून बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी ती दुधाच्या पातेल्यासारखी सांभाळून आणली होती. जुनी ८५० एमबीची डिस्क तुडुंब भरली होती. तिच्यात विंडोज ९५, माझे हिशेब आणि बाबांनी रात्री जागून टाइप केलेली घराण्याची वंशावळ होती.

नवी डिस्क जोडली, बटण दाबलं, तर नवी दिसेना आणि जुनीही दिसेना. शेजारचा गुजराती मुलगा कलाभवनात इंजिनिअरिंगला होता. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेलं हे कलाभवन आता विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा झालंय, पण आमच्या तोंडी अजून कलाभवनच. त्याने उंबऱ्यातूनच विचारलं, "काका, जम्पर जोयुं?"

एका चपट्या केबलवर दोन डिस्क लावायच्या तर एक मास्टर, दुसरी स्लेव्ह. हे ठरायचं नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या जम्परवरून, आणि आमच्या दोन्ही डिस्क मास्टर होऊन बसल्या होत्या. ताईचा भुवया कोरायचा चिमटा कामी आला. मग नवी फॉरमॅट झाली, त्या आज्ञेच्या शेवटी सिस्टिम फायलींसाठी आठवणीने स्लॅश एस लावला, रात्रभर फायली उतरवल्या. सकाळी जुनी डिस्क काढून नवी तिच्या जागी बसवली. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'नो रॉम बेसिक, सिस्टिम हॉल्टेड'.

"बेसिकच नाही म्हणजे? दुकानदाराने दिलं तरी काय?" बाबा तापले.

दुकानदाराचा काही दोष नव्हता. आयबीएमच्या १९८१च्या पीसीत बेसिक ही भाषा चिपमध्येच भरलेली असे. डिस्क सापडली नाही की यंत्र तिच्याकडे वळे. आमच्या असेम्बल्ड यंत्रात ती चिप नव्हती, म्हणून हा उसासा. खरी गोम होती डिस्कचे विभाग पाडणाऱ्या एफडिस्क या प्रोग्रॅममध्ये. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत, म्हणजे एमबीआरमध्ये, विभागांची यादी असे आणि सुरुवात कुठल्या विभागातून करायची त्यावर 'अ‍ॅक्टिव्ह' अशी खूण करावी लागे. एफडिस्क ती खूण फक्त पहिल्या डिस्कवर करू देई. आमची नवी डिस्क तेव्हा दुसरी होती. आता फ्लॉपीवरून यंत्र चालू केलं, दोन नंबरचा पर्याय निवडला, आणि विंडोजचे ढग दिसले. चहाबरोबर घरात जमलेल्या सहा जणांनी सेवउसळ हाणली.

बाबा म्हणाले, "हे आपल्या सेंट्रल लायब्ररीसारखं झालं." महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, त्यांनी बडोद्याच्या पुस्तकांसाठी वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धत बसवली. नाहीतर हजारो पुस्तकं असूनही हवं ते पुस्तक हाती लागतं थोडंच?

यंदा तोच प्रसंग पुन्हा आला. आता १ टीबीची एसएसडी, उलगडलेल्या सुरळीच्या वडीएवढी पट्टी. ना केबल, ना जम्पर, एकच स्क्रू. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवून नव्या संगणकात बसवली. पडद्यावर : 'नो बूटेबल डिव्हाइस'. भाचीला फोन लावला.

"मामा, जुनी डिस्क एमबीआर होती का रे? नवा बोर्ड फक्त यूईएफआय ओळखतो."

म्हणजे तेच. यूईएफआयवर चालणारं नवं यंत्र ती 'अ‍ॅक्टिव्ह' खूण विचारतच नाही, ते ईएफआय नावाचा वेगळा विभाग शोधतं. पेनड्राइव्हवरून दुरुस्तीचा पडदा उघडला, 'एमबीआर टू जीपीटी' ही आज्ञा आधी तपासणीसाठी दिली, मग बदलासाठी. वीस मिनिटांत काम झालं. चिमटा लागला नाही, शेजारी आला नाही, सेवउसळही झाली नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या रात्रभराच्या कॉपीची आठवण येते, पण ती पुन्हा करायची हौस नाही.

बाबांचा एक नियम मात्र मी सोडलेला नाही : नव्या चपला रुळेपर्यंत जुन्या फेकायच्या नाहीत. नवी डिस्क एकटीच्या बळावर चार वेळा चालू झाल्याशिवाय जुनी पुसू नका.

वंशावळीची फाईल तेव्हापासून प्रत्येक डिस्कवर सोबत आली. या वेळी उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. बाबांनी ती ज्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती, तो आता माझ्याकडे नाही. सामान सगळं पोचलं होतं, पत्ता पुन्हा राहिला होता.

त्यांनी तेव्हा डॉट मॅट्रिक्सवर काढून ट्रंकेत ठेवलेली प्रत तेवढी अजून वाचता येते.