इनामगावाहून लंडन किती लांब?

शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठाला इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले, तेव्हा तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. त्यांची घरे, धान्याची पेवे, शेताकडे पाणी नेणारा पाट, सारे सापडले. समुद्र इतका दूर, तरी शंखाच्या वस्तूही निघाल्या. लांबची वाट या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे.

आता याच मुलखातली मुले शिकायला, नोकरीला विलायतेस जातात. मग घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "किती लांब आहे हो?"

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. दोन मैलांचा कोस धरला तर सव्वादोन हजार कोस झाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. आजचे विमान कोठेही न उतरता साधारण दहा तासांत पोचते. येताना मात्र तास-दीड तास कमी लागतो. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. एखाद्या देशावरून जाणे बंद असले, तर वळसा पडून वेळ वाढतो.

तिकिटावरचे घड्याळ नीट समजून घ्यावे. त्यावर निघण्याची वेळ मुंबईची आणि पोचण्याची लंडनची असते. हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास असते. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार तास. समजा, जानेवारीत विमान पहाटे २ वाजता सुटून सकाळी साडेसहाला पोचते. वरवर पाहता प्रवास साडेचार तासांचा वाटतो. त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे खरे दहा तास होतात.

पण खरी गफलत तारखेची होते. तिकिटावर १५ तारीख, पहाटे २ वाजता असे लिहिले असेल, तर ते विमान १४ च्या रात्रीनंतरचे. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे १४ ला रात्री ११ वाजता पोचायला हवे. इनामगाव ते मुंबई रस्ता सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. पुण्याची गर्दी आणि घाटातला खोळंबा धरून सात तास हाताशी ठेवावेत. म्हणजे १४ ला दुपारी चार वाजता घर सोडावे. १५ ला दिवस उजाडल्यावर बॅगा उचलल्या, तर विमान केव्हाच गेलेले असते आणि तिकिटाचे पैसेही बहुधा बुडतात. दोन-तीन हंगामांची कमाई एका तारखेपायी जायला नको.

पाहा, सात हजार किलोमीटरला दहा तास आणि घरापासून विमानात बसेपर्यंतही दहाच तास! म्हणून हिशेब उंबरठ्यापासून करावा. घर सोडण्याची तारीख आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावी. शेजारीच लंडनचे घड्याळ मांडावे. जानेवारीत तिकडे मुलगी रात्री दहाला जेवून बसते, तेव्हा इकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. त्या रात्री फोन आला नाही, तर जिवाला घोर लावून घेऊ नये.